मोटारसायकलवरची थंडी आणि कापडाचा हिशेब



तिजारत करणाऱ्याला ऋतू निवडता येत नाही. आठवडे बाजार ठरल्या दिवशीच भरतो आणि पाल ठोकायला मोक्याची जागा हवी असेल तर उजाडण्याच्या आत पोचावे लागते. मालेगावहून मनमाड, सटाणा, नांदगाव वा चांदवडच्या वाटेला लागणारा कापडवाला, खेडोपाडी माल पोचविणारा होजियरीवाला, रात्रपाळी संपवून घरी निघालेला लूम कारीगर, या सर्वांचे वाहन आज बहुधा मोटारसायकल हेच असते. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. निफाडसारख्या ठिकाणी काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा वेळी तीस-चाळीस किलोमीटर गाडीवर बसून जाणे ही थट्टा नव्हे.

आम्ही कापडाच्या धंद्यात आहोत. हिवाळा लागला की दुकानात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "चाचा, याहून जाड स्वेटर दाखवा. दोन घातले तरी गाडीवर थंडी जात नाही." जाड स्वेटर काढून दाखविणे सोपे आहे, त्यात नफाही आहे. परंतु तिसरा स्वेटर घालूनही त्या माणसाची थंडी जाणार नाही, कारण त्याला लागत आहे तो वारा आणि स्वेटर वारा अडवीत नाही. ही एक गोष्ट विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांना कळली तर पुष्कळ पैसा वाचेल आणि काही जीवही वाचतील. म्हणून या वेळी आम्ही या पानावर थंडी, वारा आणि कापड यांचा हा छोटासा धडा मांडीत आहोत.

थंडी लागते म्हणजे काय होते?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी की कापडात ऊब नसते. ऊब आपल्या अंगात असते. कापड ती फक्त राखते, आणि राखते तेही स्वतःच्या जोरावर नव्हे, तर धाग्यांच्या मधे अडकून पडलेल्या हवेच्या जोरावर. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. लोकर उबदार का? तिचा तंतू नागमोडी असतो, त्यामुळे दोन तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि मधे हवा राहते. रजई पिंजून आणली की पुन्हा उबदार लागते, त्याचेही कारण हेच. कापूस तोच असतो, फक्त त्यात हवा परत भरलेली असते.

आता हाच स्वेटर घालून माणूस गाडीवर बसला आणि ताशी पन्नास किलोमीटरने निघाला, तर समोरून तितक्याच वेगाचा वारा त्याच्यावर येतो. विणीच्या भोकांतून तो आत शिरतो आणि अडकलेली गरम हवा ढकलून बाहेर काढतो. अंग पुन्हा नवी हवा गरम करते, वारा तीही घेऊन जातो. भोक पडलेल्या मडक्यात पाणी ओतीत राहावे, तसा हा प्रकार आहे. दोन स्वेटर म्हणजे दोन भोकाची मडकी.

वाऱ्याने थंडी किती वाढते, याचे एक सूत्र अमेरिका व कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ साली ठरविले. ते चेहऱ्यासारख्या उघड्या त्वचेसाठी आहे. त्याप्रमाणे पारा १० अंशांवर असताना ताशी २० किलोमीटर वाऱ्यात सुमारे साडेसात अंशांसारखे वाटते, ४० ला सुमारे सहा आणि ६० ला सुमारे पाच. पारा मुळातच ५ अंशांवर असेल तर ताशी ४० च्या वाऱ्यात शून्याच्या किंचित खाली असल्यासारखे वाटते.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, गाडी हलली की थंडीचा मोठा हिस्सा लगेच लागू होतो. दुसरी, गाडी हळू चालवून थंडी फारशी टळत नाही. साठावरून चाळीसवर आल्याने फरक पडतो तो जेमतेम एका अंशाचा. थंडीत वेग जरूर कमी करावा, पण तो ब्रेकसाठी आणि धुक्यासाठी. थंडीचा बंदोबस्त कापडानेच करावा लागतो.

फुंकरीची परीक्षा

वारा अडविणारे कापड ओळखायला यंत्र लागत नाही. कापड ओठांवर घट्ट धरावे आणि जोराने फुंकर मारावी. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला वारा लागला तर ते कापड गाडीवर बाहेरून घालायच्या कामाचे नाही. विणलेला स्वेटर, फ्लीस, शाल यांतून फुंकर आरपार जाते. पॅराशूट कापड म्हणून बाजारात मिळणारे नायलॉनचे टाफेटा, आतून लेप दिलेले पॉलिएस्टर, रेक्झिन, चामडे यांतून ती जात नाही किंवा नावापुरतीच जाते.

विणकर बांधवांनी इथे जरा थांबावे. वारा अडवायला लेपच पाहिजे असे नाही, घट्ट विणही तेच काम करते. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक गावचे कापड दुकानदार थॉमस बर्बरी यांनी १८७९ साली गॅबर्डिन काढले. विणण्याआधीच धाग्यावर पाणी न धरणारी प्रक्रिया करावयाची आणि मग तिरप्या विणीत धागे दाटून बसवायचे, अशी त्याची रीत. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांवर गेलेल्या लोकांनी हेच कापड वापरले. पुढे दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये व्हेंटाइल नावाचे कापड तयार झाले. ते निव्वळ सुताचे होते. लांब धाग्याचा कापूस घेऊन वीण इतकी दाट ठेवली की कापड भिजताच धागा फुगतो आणि उरलेली छिद्रे बुजतात. सांगायचे तात्पर्य, सूत तेच असते. ताणा आणि बाणा किती दाट बसविला यावर त्याचे काम ठरते.

तीन पदर, प्रत्येकाचे काम वेगळे

गाडीवर जाणाऱ्याच्या अंगावर तीन पदर असावेत.

अंगालगतचा पदर कोरडेपणासाठी. रोजच्या साध्या प्रवासाला सुती बनियन चालते, मात्र ते कोरडे असले पाहिजे. ज्यांना घाम फार येतो त्यांनी पातळ लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे इनर वापरावे. प्रमाणित हवेत पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा धरीत नाही, सूत सुमारे साडेआठ टक्के धरते आणि लोकर सुमारे १६ टक्के. लोकरीची खुबी अशी की इतका ओलावा पोटात घेऊनही ती अंगाला ओली लागत नाही. सूत भिजले की मात्र अंगाला चिकटते, मधली हवा जाते आणि तिच्या जागी पाणी बसते. पाणी उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट सहज वाहून नेते.

मधला पदर हवा साठविण्यासाठी. स्वेटर, फ्लीस, रुईची बंडी, कॅशमिलॉनचे जर्सी, जे घरात असेल ते चालेल. हा पदर ढिला असावा. घट्ट स्वेटरवर घट्ट स्वेटर चढविला तर हवेला जागाच उरत नाही.

बाहेरचा पदर वारा अडविण्यासाठी. फुंकरीच्या परीक्षेत उतरलेले जर्किन इथे हवे. ते पातळ असले तरी चालते, पण गळ्यापर्यंत बंद झाले पाहिजे, मनगटाशी आवळले पाहिजे आणि वाकून बसल्यावर कंबर उघडी पडता कामा नये. समोरच्या चेनच्या आतून कापडाची एक पट्टी असावी, नाहीतर चेनच्या दातांमधून वारा सरळ छातीवर येतो.

खर्च करायची ऐपत नसेल त्यांनी निराश होऊ नये. पावसाळ्यातला रेनकोट बहुतेकांच्या घरी असतो. सप्टेंबरअखेर तो धुऊन माळ्यावर टाकण्याऐवजी हिवाळ्यात स्वेटरवरून घालावा. वारा अडविण्यात तो महागड्या जाकिटाला हार जात नाही. त्यात घाम कोंडतो हा दोष आहे, म्हणून मुक्कामी पोचताच तो काढून झटकावा. रेनकोटही नसेल तर वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर स्वेटर व सदऱ्याच्या मधे छातीवर ठेवावेत. डोंगर उतरणारे शर्यतीचे सायकलस्वार युरोपात पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत. आमचे हे साप्ताहिकही वाचून झाल्यावर त्या कामी यायला हरकत नाही. मात्र ज्या पानावर धार्मिक मजकूर आहे ते पान अदबीने बाजूला ठेवावे.

आधी हात, मग बाकीचे अंग

अंगाला थंडी वाजली तर माणूस कुडकुडतो आणि सहन करतो. हात गारठले तर मात्र गोष्ट जिवावर येते. शरीराची रीत अशी की थंडीत ते छाती-पोटातली ऊब आधी सांभाळते आणि हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. सर्वांत आधी बोटे जातात, आणि मोटारसायकलीचा पुढचा ब्रेक व क्लच हे दोन्ही बोटांच्याच स्वाधीन असतात.

हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. बोटे आखडल्यामुळे ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. हिवाळा हाच उसाच्या गळिताचा हंगाम. पहाटेच्या धुक्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर येते, तेव्हा हे सात मीटर फार मोठे अंतर असते.

हातमोजे घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. लोकरीचे विणलेले हातमोजे एकटे कामाचे नाहीत, त्यांतून वारा जातो. ते आतून घालावेत आणि वरून चामड्याचा किंवा रेक्झिनचा मोजा असावा. मोजा किंचित सैल असावा. आत बोटे हलविता आली नाहीत तर रक्त फिरत नाही आणि ऊबही राहत नाही. मोज्याची मनगटाकडची बाजू लांब असावी आणि कोरड्या थंडीत ती जर्किनच्या बाहीवरून चढवावी, म्हणजे बाहीत वारा शिरत नाही. असा जोड घालून आधी गाडी उभी असतानाच ब्रेक, क्लच, हॉर्न आणि इंडिकेटर चालवून पाहावेत.

ब्रेक व क्लचच्या दांड्या धातूच्या असतात आणि धातू बोटांतली उष्णता झपाट्याने ओढतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्या दांड्यांवर घट्ट चढविला तर पुष्कळ फरक पडतो. खर्च जवळजवळ काहीच नाही.

वाटेत बोटांची परीक्षा घेत जावी. गाडी बाजूला थांबवून अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवावी. सहज टेकली नाही तर ब्रेकवर तुमचा ताबा राहिलेला नाही असे समजावे. अशा वेळी हात काखेत धरावेत, चार पावले चालावे, गरम चहा घ्यावा. गरम सायलेन्सरला हात लावून शेकू नये. सुन्न बोटांना चटका उशिरा कळतो, तोवर कातडी भाजलेली असते. चहासोबत विडी-सिगारेटची सवय असेल तर निदान थंडीत ती आवरावी. तंबाखूने बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे चहाने जे दिले ते विडीने काढून घेतले.

फजरच्या वुजूनंतर लगेच गाडी काढणाऱ्यांनी हात, पाय आणि दाढी रुमालाने नीट कोरडी करावी. ओल्या कातडीवर वारा बसला की थंडी दुपटीने जाणवते.

गुडघे, मान आणि डोके

गाडीवर बसल्यावर गुडघे आणि मांड्यांचा वरचा भाग वाऱ्याच्या तोंडी येतो. नेमका तिथेच पँटचा किंवा पायजम्याचा एकच पदर असतो. रेनकोटची पँट वरून चढवावी. ते नको असेल तर शिंप्याकडून पँटला गुडघ्यापासून मांडीपर्यंत आतून पॅराशूट कापडाचे अस्तर लावून घ्यावे. मागच्या बाजूला अस्तराची गरज नाही.

पायात एकावर एक दोन जाड पायमोजे घालून बूट आवळू नये. बूट घट्ट झाला की पाय जास्त गार पडतो. एकच लोकरीचा मोजा आणि बुटात बोटे हलविण्याइतकी जागा, एवढे पुरे.

डोक्यावर पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट असावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने हेल्मेट बंधनकारक आहेच, शिवाय याहून चांगली कानटोपी दुसरी नाही. आत घालायची टोपी पातळ असावी. जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि पडल्यावर ते डोक्यावरून निसटू शकते. नाकावरून मफलर बांधला तर श्वासाची वाफ वर जाऊन काच धुरकट होते. म्हणून मफलर हनुवटीखाली ठेवावा आणि काच किंचित उघडी ठेवावी.

मफलर, शाल, चादर यांची टोके मोकळी सोडणे हा सर्वांत मोठा धोका आहे. टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेले की ते गळा आवळते वा माणसाला खाली खेचते. मागे बसणाऱ्या आमच्या माताभगिनींचा बुरखा, ओढणी किंवा साडीचा पदर यांबाबत तर फार जपावे. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी गाडीला असली पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो. गाडी शोभून दिसावी म्हणून तरुण मुले ती जाळी काढून टाकतात. ती परत बसवून घ्यावी. निघण्यापूर्वी कपड्याची टोके गोळा करून मांडीखाली दाबली आहेत की नाही, हे चालविणाऱ्याने स्वतः पाहावे.

रात्रपाळीच्या कारीगरांसाठी

लूमच्या शेडमध्ये दमट उष्मा असतो. कारीगर बनियनवर काम करतो आणि पहाटे ते घामाने भिजलेले असते. पाळी सुटते, तो त्याच बनियनवर सदरा आणि स्वेटर चढवितो आणि गाडीला किक मारतो. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. एवढ्याने अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एक अंशाने थंड होईल. वाऱ्यात हा घाम झपाट्याने वाळतो. त्यात बारा तासांची थकवट आणि डोळ्यांवर झोप. घरी जाणाऱ्या रस्त्यावरचा हा सर्वांत धोक्याचा प्रवासी होय.

उपाय सोपा आहे. कोरडे बनियन पिशवीत ठेवावे, शेडमध्येच अंग पुसून ते बदलावे, दहा मिनिटे बसून मगच बाहेर पडावे. कारखानदार बांधवांना आमची विनंती आहे की शेडच्या एका कोपऱ्यात आडोसा करून चार खुंट्या ठोकाव्यात. कपडे बदलायला जागा असेल तर कारीगर बदलतो, नसेल तर तसाच निघतो. आपल्या लुमावर रात्र काढलेला माणूस सलामत घरी पोचावा, ही मालकाचीही जबाबदारी आहे.

दुकानदार आणि शिंप्यांसाठी

लुधियानाचा होजियरी माल आणि पानिपतचे कांबळे आपल्याकडे येते, आणि हिवाळ्यात शहरोशहरी तिबेटी स्वेटरवाले बसतात. त्यांच्याशी स्वेटरच्या भावात झुंज घेण्यापेक्षा जे त्यांच्याकडे कमी असते ते आपण ठेवावे. वारा अडविणारे साधे जर्किन, गुडघ्यावरची अस्तराची पँट, लांब मनगटाचे दुपदरी हातमोजे, ही कामे आपला शिंपी करू शकतो. सीट कव्हर शिवणाऱ्या कारीगरांनी हँडलला बसणारी रेक्झिनची पिशवी शिवून पाहावी. आतून फ्लीस, बाहेरून रेक्झिन, आणि हात सहज आत-बाहेर जाईल एवढे तोंड. चीनमध्ये आणि आपल्याकडे उत्तरेतही अशा पिशव्या वापरतात. मात्र ॲक्सिलरेटर आपोआप परत फिरतो का आणि ब्रेकची दांडी पिशवीत अडकत नाही ना, हे गिऱ्हाइकाच्या गाडीवर तपासल्याखेरीज ती विकू नये.

लोकर सांगून कॅशमिलॉन विकण्याची खोड बाजारात जुनी आहे. कॅशमिलॉन वाईट नाही, हवा तोही धरतो, फक्त त्याला त्याच्याच नावाने आणि त्याच्याच भावात विकावे. घेणाऱ्याने एक धागा काढून जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखे जळते आणि करडी राख राहते. पॉलिएस्टर व कॅशमिलॉन वितळतात आणि त्यांची कडक गुठळी होते. असे वितळणारे कापड गरम सायलेन्सरला लागू देऊ नये, ते कातडीला चिकटते.

पुढच्या वेळी कोणी "याहून जाड स्वेटर दाखवा" म्हणत दुकानात आले तर त्याला आधी विचारावे, "गाडीवर जाता का? बाहेरून काय घालता?" तो "काही नाही" म्हणाला तर स्वेटर बाजूला ठेवावा आणि कमी किमतीचे, पण वारा अडविणारे जर्किन त्याच्या हाती द्यावे. त्याच्या घरी रेनकोट असेल तर तोच घालायला सांगावे आणि त्याला काहीही न विकता परत पाठवावे. त्या दिवशी गल्ल्यात थोडे कमी पडेल. पण ज्याची थंडी खरोखर गेली ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी ईदचे कापडही तुमच्याकडेच घ्यायला येईल.